आपणहून आलेली गौर

माझ्या आईचं आणि माझ्या बायकोचं माझ्यावरून कधी भांडण झालं नाही. ह्याचं मला थोडं वाईटच वाटतं. त्यांचं जे काही झालं ते तेरड्यावरून झालं, आणि त्यालाही भांडण म्हणता येणार नाही. दोघींपैकी एकीनंही आवाज चढवला नाही, आणि दोघींपैकी एकही पाच वर्षं मागे हटली नाही.

आमची कुडपेवाडी सड्याच्या पायथ्याशी आहे. सडा म्हणजे वरचं कातळाचं पठार. उन्हाळ्यात तिथे पाय ठेववत नाही आणि पावसाळ्यात फुलांमुळे पाय ठेवायला जागा नसते. मी आंब्यावर फवारणी करणारे ड्रोन दुरुस्त करतो. माझी बायको ऋजुता ही अचलपूरची, वानखड्यांची. आमच्या तालुक्यात फुलझाडांचं संशोधन केंद्र निघालं तेव्हा ती इथे नोकरीला आली. केंद्राचा एक ड्रोन आमच्या माडावर अडकला, तो काढायला मी चढलो, आणि खाली उभी राहून मला सूचना देणारी बाई पुढच्या वर्षी माझ्या घरात आली.

आईनं लग्नाला नाही म्हटलं नाही. फक्त एवढंच म्हणाली, "ओवसा झाला की घरची झाली."

हे ओवशाचं प्रकरण समजून घ्यायला हवं, कारण सगळं अडलं ते तिथेच. आमच्याकडे गौर म्हणजे मूर्ती नाही, मुखवटाही नाही. सड्यावर उगवलेला तेरडा फुलांसकट, मुळांसकट उपटून आणायचा, त्याला साडी नेसवायची, दागिने घालायचे. ती गौर. गणपतीच्या मागोमाग तीन दिवसांसाठी माहेरी आलेली लेक. तिला आणायचं तेही घरच्या लेकीनं, सुनेनं नाही. सुनेचं काम दुसरं. नव्या सुनेनं सुपांत फळं, पानं, खोबरं, हळदकुंकू भरून ती सुपं गौरीपुढे ओवसायची, म्हणजे ओवाळायची, आणि मग घरच्या थोरांना द्यायची. तेव्हापासून ती त्या घरची. गौर आणणारीनं मात्र त्या वर्षी ओवसायचं नाही. पण पहिला ओवसा दर वर्षी करता येत नाही. गौर चंद्राच्या हिशेबानं येते आणि पावसाची नक्षत्रं सूर्याच्या हिशेबानं चालतात. ज्या वर्षी गौर पूर्वा नक्षत्राच्या पावसात येईल, त्याच वर्षी नव्या सुनेनं ओवसायचं.

आमच्या लग्नाच्या वर्षी गौर लवकर, मघांतच आली. ओवसा राहिला. पण ऋजुतानं त्या वर्षी पहिल्यांदा आमची गौर पाहिली. तिच्या घरच्या महालक्ष्म्या म्हणजे पितळी मुखवट्यांच्या, शालू नेसलेल्या, पुरुषभर उंच दोघी.

"झाडाला साडी?" तिनं माझ्या कानात विचारलं. "मग शेवग्याला काहून नाही?"

आईला ऐकू गेलं. "शेवगा काय लेक हाय आमची?" एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या वर्षी गौर पूर्वात आली, पण चुलत आजोबा वारले आणि सुतक आलं. तिसऱ्या वर्षी पूर्वाही होती आणि सुतकही नव्हतं. ऋजुताच्या भावानं कॅनडातून सुपंसुद्धा पाठवली, कारण सुपं माहेराहून यायची रीत. त्यानं ती ऑनलाइन मागवली होती. ती आली प्लास्टिकची, वर बदकांची चित्रं. आईनं ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि कोंबड्यांना दाणे घालायला ठेवून दिली. बुरुडाकडून नवी सुपं आणली. सगळं तयार झालं.

आणि त्या वर्षी सड्यावर तेरडाच नव्हता.

म्हणजे होता, पण फुलून गेलेला. पिवळी पडलेली पानं, वाळकी काटकुळी खोडं. दोन-चार वर्षं हे होतच होतं. गौर येईपर्यंत तेरडा आटपून मोकळा व्हायचा. बाजारात प्लास्टिकचा तेरडा आला होता, बटण दाबलं की त्याच्या फुलांचा रंग बदलायचा. आक्काआत्या, म्हणजे माझ्या वडिलांची बहीण, दर वर्षी आमची गौर आणायची. तिनं त्या वर्षी एक वाळकं झुडूप आणलं आणि पदरानं डोळे पुसले. आईनं त्याच झुडपाला साडी नेसवली, पूजा केली, भाजीभाकरीचा नैवेद्य दाखवला. पण ऋजुताला म्हणाली, "नवा ओवसा सुकल्या गौरीपुढं नको गो. पुढच्या वर्सी बघू."

ऋजुता हसून बरं म्हणाली. मग परसात जाऊन बराच वेळ हात धूत बसली. मी मागे गेलो तर म्हणाली, "मला राग आला नाहीये. मला फक्त हे कळत नाहीये, की तेरड्याला तारीख कोण सांगतं?"

तिचा प्रश्न असा सुरू झाला. माझी बायको दुखावली की शास्त्रज्ञ होते.

---

पुढचे कित्येक महिने तिनं तेरड्याचा नकाशा काढला. मला तिनं तो जेवताना समजावून सांगितला, तोच सांगतो.

लवकर फुलणारा एक तेरडा घ्यायचा आणि उशिरा फुलणारा एक. दोघांचं लग्न लावायचं. त्यांची मुलं वाढवायची, त्या मुलांपासून नातवंडं. नातवंडांत आजी-आजोबांचे गुण पत्त्यांसारखे पिसले जातात. कुणी गुलाबी आणि उशिराचं, कुणी पांढरं आणि लवकरचं, कुणाच्या पाकळ्या दुहेरी. अशी शेकडो नातवंडं लावायची, प्रत्येकाचं पान यंत्रात घालून त्याची सातही गुणसूत्रं टोकापासून टोकापर्यंत वाचायची, आणि मग बघायचं की जी नातवंडं उशिरा फुलली त्या सगळ्यांत कोणता तुकडा सामाईक आहे. तिथे खूण करायची. रंगाची खूण इथे, पाकळ्यांची तिथे, फुलायच्या वेळेची अमुक ठिकाणी. सगळ्या खुणा जागच्या जागी बसल्या की नकाशा झाला.

वेळेची खूण तिला पाचव्या गुणसूत्रावर सापडली. तेरडा दिवस मोजत नाही, तो रात्र मोजतो. पावसाळा सरत आला की रात्री हळूहळू लांबतात. आपल्याला ते जाणवतही नाही, पण पानाला जाणवतं. रात्र ठराविक लांबीची झाली की पानाकडून शेंड्याला निरोप जातो की पालवी पुरे, आता कळ्या धर. पण हे माप उबेनं बिघडतं. रात्री गरम झाल्या आणि तेरड्याला वाटलं, रात्र लांबली. निरोप आधीच सुटला.

"म्हणजे त्याचं घड्याळ पुढे गेलंय," मी म्हणालो.

"हो. आणि काही थोड्या झाडांचं मुळातच मागे आहे. ती झाडं मी निवडते. बाहेरचं काही घालत नाही. तेरड्याचंच तेरड्यात."

पूर्वी ह्या निवडीला पिढ्या लागायच्या, कारण फूल येईपर्यंत थांबावं लागायचं. आता तिच्याकडे काडेपेटीएवढा पानवाचक होता. दोन पानांच्या रोपाचा एक तुकडा त्यात घातला की पडद्यावर फूल दिसायचं, अजून न आलेलं. रंग, पाकळ्या, आणि कोणत्या आठवड्यात. आईला तिनं तो दाखवला. आईनं बराच वेळ पडद्यावरच्या गुलाबी फुलाकडे पाहिलं.

"हे फूल हाय कुठं?"

"अजून नाहीये आई. येणार आहे."

"मंग तुला घाई कसली? येईल तवा बघू."

पण ऋजुताला आईचं मन वळवायचं होतं, आणि त्याचा रस्ता तिला तेरड्यातूनच दिसत होता. तिनं कुंड्यांत रोपं लावली आणि एका सकाळी धीर करून विचारलं, "आई, ही गौरीच्या दिवशी बरोबर फुलतील. ह्यांतली एक गौर म्हणून चालेल?"

आई तांदूळ निवडत होती. ती थांबली नाही. "गौर पेरायची नसते."

"का पण?"

"पावन्याला कोन पेरतं गो? जिला तू लावलीस ती तुझ्या दारातलीच झाली. ती येनार कुठनं? गौर आपनहून येते, म्हनून तं तिचे पाय धुवायचे."

ऋजुतानं कुंड्या ओट्याच्या कडेला सरकवून ठेवल्या. माझं मत कुणी विचारलं नाही.

---

केंद्राला मात्र ही अडचण नव्हती. संचालकांनी ठरवलं की गौरीचा तेरडा तालुक्यातल्या घराघरात पोचवायचा. आता प्रश्न आला, घड्याळ लावायचं कशावर? रात्री थंड असताना जुना तेरडा नेमका केव्हा फुलायचा? नोंदी कुणीच ठेवलेल्या नव्हत्या. ऋजुतानं मग म्हाताऱ्या बायका गाठल्या. चाळीसेक गावं फिरली. मीही मोटरसायकलवरून तिला नेत होतो. प्रत्येकीला ती एकच विचारायची, "आजी, भरगच्च फुललेल्या तेरड्याची गौर तुम्हांला कोणत्या वर्षीची आठवते?" आणि प्रत्येकीला आठवायची. साल, साडीचा रंग, कोण कोण होतं ते सगळं. ऋजुता सालावरून पंचांगात तारीख काढायची.

सगळ्या तारखा एकाच पंधरवड्यात पडल्या.

"इतकी स्वच्छ आकडेवारी मी जन्मात पाहिली नाही," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मी वाटेत थांबून तिला भजी खाऊ घातली. तिनं निष्कर्ष काढला की जुना तेरडा ह्याच पंधरवड्यात फुलायचा, गौर मागेपुढे कधीही येवो. घड्याळ तिथे लावलं. रोपं घरोघर गेली.

त्या वर्षी श्रावण दोनदा आला. अधिक महिन्यानं सगळे सण पुढे ढकलले आणि गौर पूर्वा ओलांडून पार उत्तरांत गेली. केंद्राचा तेरडा मात्र ठरल्याप्रमाणे, एका दिवसाचाही उशीर न करता, अंगणाअंगणात पूर्वातच फुलला. लोकांनी फोटो काढले. आणि गौरीच्या दिवशी घराघरातल्या कुंड्यांत फक्त फुगलेल्या शेंगा उरल्या.

ऋजुता ओट्यावर पंचांग घेऊन बसली. पानं मागेपुढे केली, म्हाताऱ्यांची सालं पुन्हा वाचली आणि मग कपाळावर हात मारून घेतला.

"काय झालं?"

"अरे, मी विचारलं, तुम्हांला कोणती गौर आठवते. बाईला कोणती गौर आठवणार? तिच्या ओवशाची! आणि पहिला ओवसा पूर्वातच होतो. सगळ्यांच्या तारखा एकाच पंधरवड्यातल्या असणारच ना! मी तेरडा मोजलाच नाही, मी सुना मोजल्या."

ती आधी हसली. मीही हसलो. गंमत म्हणजे पूर्वाची अट तिला पाठ होती, त्या अटीपायीच तर ती चार वर्षं अडकली होती. मग हसता हसता तिचा चेहरा बदलला. तालुक्याच्या गटावर लोक केंद्राला नावं ठेवत होते, संचालक तिचा फोन उचलत नव्हते, आणि ओवसा पुन्हा एक वर्ष लांबला होता.

बायकांनी ती रोपं उकिरड्यावर टाकली नाहीत. गौर म्हणून आणलेलं रोप कुणी कचऱ्यात टाकत नाही आमच्याकडे. सगळ्यांनी ती सड्यावर नेऊन ठेवली, कातळाच्या कडेनं. आमच्या दारातल्या कुंड्या ऋजुतानं स्वतः नेल्या. दुपारी तिला न्यायला म्हणून मी आणि आई वर गेलो, तर ती कातळावर बसून एकेका शेंगेला बोट लावत होती. तेरड्याची पिकली शेंग बोट लागलं की फटकन उलटते आणि बी उडतं. ती लावत होती, शेंग फुटत होती, ती पुढची धरत होती. डोळे पुसायचं तिला सुचत नव्हतं.

आई तिच्या शेजारी बसली. गुडघे दुखतात तिचे, तरी बसली.

"रडतंस कशाला? चुकला तं चुकला. पुढल्या वर्सी नीट कर."

"त्याचं नाही रडत मी, आई." ऋजुतानं नाक पुसलं. "माझी आई गेली त्या वर्षापासून आमच्याकडे महालक्ष्म्या बसल्या नाहीत. दादानं घराला कुलूप लावलं. मुखवटे कुठल्या पेटीत आहेत तेही मला ठाऊक नाही. सगळ्या बायका गौरीला माहेरी जातात. मला जायला दारच नाही. मग वाटलं, निदान इथली तरी पुरती व्हावं."

मी पलीकडे बघत राहिलो. बायको रडत असताना काय करायचं हे मला अजून आलेलं नाही. आईनंही हात पुढे केला आणि एका शेंगेला बोट लावलं. मग दुसऱ्या. दोघी तिथल्या सगळ्या शेंगा संपेपर्यंत बसल्या होत्या.

---

पुढच्या वर्षी ऋजुतानं चूक निस्तरली. पंचांगातल्या तारखेप्रमाणे दर वर्षी वेगळं घड्याळ असलेली रोपं द्यायची, हा तिचा नवा बेत. तो लागू पडला. गौरीच्या आदल्या दिवशी अख्ख्या तालुक्यात कुंड्या फुलल्या होत्या. संचालक टीव्हीवर दिसले. प्लास्टिकवाल्याचं बटण बंद पडलं. पुष्कळ घरांनी सड्यावर जायचंच सोडून दिलं, कशाला त्या चिखलात जा?

गौर त्या वर्षी पूर्वात होती. सुतक नव्हतं. बुरुडाची सुपं तिसऱ्या वर्षापासून माळ्यावर होती, ती खाली काढली. ऋजुतानं हिरवी साडी घेतली होती. ओट्यावरच्या कुंडीत एक देखणा तेरडा उभा होता, पण त्याबद्दल तिनं आईला अवाक्षर विचारलं नाही.

अडचण आली ती दुसरीकडून. आक्काआत्या आली, पण तिच्या गुडघ्यांनी साथ सोडली होती. सड्यावर चढणं शक्य नव्हतं.

"मंग गौर कोन आननार?" आत्या काकुळतीला आली. "ह्या घरात माज्यामागं लेक नाय. एकटा पोरगा झाला तुला."

दोघी माझ्याकडे अशा नजरेनं पाहू लागल्या, जणू मुलगा होणं हा माझाच आगाऊपणा.

"बघू," आई म्हणाली. "आधी तेरडा तं गावूदे."

आम्ही तिघं वर गेलो. मला छत्री धरायला नेलं होतं. सड्यावर नुकतीच एक सर येऊन गेली होती, कातळाच्या खळग्यांतून पाणी साचलं होतं. तेरडा पुष्कळ होता, सगळा वाळलेला. आई पदर खोचून पुढे चालत होती. कातळाच्या एका भेगेपाशी ती थांबली.

"रुजुता, हिकडं ये गो."

भेगेत कंबरभर उंचीचा तेरडा उभा होता. पाणी प्यालेलं लालसर खोड, आणि प्रत्येक पानाच्या बगलेत गुलाबी फूल. आजूबाजूला आणखी पाच-सहा, थोडे बुटके. त्या एवढ्या वाळक्या पठारावर तेवढेच जिवंत. आई बघत राहिली. मी बऱ्याच वर्षांनी तिचा चेहरा असा सैल झालेला पाहिला.

"आली की नाय बघ," ती म्हणाली.

ऋजुता हसत नव्हती. ती खाली वाकली आणि तिनं एक पान निरखलं. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या मनात काय चाललंय ते मला कळलं आणि मी मान हलवून नको म्हणालो. कशाला तपासायचं? आईनं स्वतः शोधलं होतं, आईला पटलं होतं, साडी तयार होती, सुपं तयार होती. गप्प राहायचं एवढंच काम होतं. तिच्या जागी मी असतो तर आनंदानं केलं असतं.

तिनं पर्समधून पानवाचक काढला. पानाचा कोपरा खुडून आत घातला. पडदा उजळला आणि तिनं तो नीट पाहिला, दोनदा.

"आई," ती म्हणाली, "ही पूर्ण सड्याची नाही. हिचं घड्याळ माझं आहे. गेल्या वर्षी आपण इथे शेंगा फोडल्या ना, त्यांतली ही. बाकीची अर्धी सड्याचीच आहे. कुंड्या अंगणात होत्या तेव्हा मधमाश्या रानातल्या शेवटच्या फुलांचे पराग घेऊन आल्या असतील. पण अर्धी माझी आहे. तुमच्या नियमात बसत नसेल तर मला आत्ताच सांगा. मला फसवून ओवसायचं नाही."

वारा सुटला होता. मी छत्री सावरायच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

आई वाकली आणि भेगेत बोट घालून तिनं माती चाचपली. मग विचारलं, "हितं तिला पेरलान कोनी?"

"कुणी नाही. शेंग फुटली, बी उडालं."

"भेग कोनी दाखवलान?"

"कुणी नाही."

"पानी कोनी घातलान?"

"पावसानं."

"मंग आली ती," आई म्हणाली. "कुठली का असंना. आपनहून आली, हितं रुजली, फुलली. आनखी काय पायजे?"

आईनं भेगेकडे बोट केलं. "उपट. मुळासकट. जपून, मूळ तुटूदे नको."

"मी?"

"मंग काय ह्यो उपटनार?" म्हणजे मी.

ऋजुता गुडघ्यावर बसली. दोन्ही हात खोडाशी नेले आणि थांबली. "आई, पण आणायचं ते लेकीनं. आणि जिनं गौर आणली तिला त्या वर्षी ओवसता येत नाही, तुम्हीच सांगितलंत. पूर्वा परत कधी जुळेल काय माहीत. मी पाच वर्षं थांबलेय."

"मंग आनखी थांब." आईनं तिच्या कपाळावरचे ओले केस मागे सारले. असं तिनं मला शेवटचं कधी केलं होतं ते मला आठवत नाही. "सून व्हायची येवढी काय घाई हाय तुला? यंदा माहेराला ये."

ऋजुतानं तेरडा उपटला. मूळ आख्खं आलं.

---

आमच्या दारात आत्या खुर्ची टाकून बसली होती. ऋजुता हिरवी साडी नेसून, पदराखाली तेरडा धरून, अंगणातून चालत आली. पायरीशी थांबली. आई तांब्या घेऊन पुढे झाली आणि तिनं ऋजुताच्या पायांवर आधी ऊन पाणी, मग दूध घातलं, कुंकू लावलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. "ये गो बाय, ये," असं आई म्हणाली. दर वर्षी गौरीला म्हणते तसंच. त्या वेळी ती नक्की कुणाला म्हणाली हे मी विचारलेलं नाही.

माहेरवाशिणीला तीन दिवस काम सांगत नाहीत. आईनं ऋजुताला एका भांड्याला हात लावू दिला नाही. सकाळी उशिरापर्यंत निजू दिलं, केसांना खोबरेल लावलं, दुसऱ्या दिवशी वड्यांबरोबर कोंबडीच्या सागोतीतला चांगला भाग आधी तिच्या ताटात वाढला. भांडी मी घासली. बुरुडाची सुपं पुन्हा माळ्यावर गेली. ऋजुता दिवसभर आक्काआत्येशी आणि आईशी हसत होती, आणि एकदा आईला सांगताना मी ऐकलं की तिच्या आईलाही केसांना तेल लावताना अशीच टपली मारायची सवय होती.

तिसऱ्या दिवशी गौर वहाळात, गावच्या ओढ्यात, बोळवली. परत आल्यावर आईनं ऋजुताची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, आणि वाटेला खायला म्हणून फडक्यात बांधलेला दहीभात. लेक सासरी निघाली की हे सगळं द्यायचं असतं.

ऋजुता ओटी सावरत पडवीत उभी राहिली. "आई, आता मी जाऊ कुठे?"

"सासरला जा तुज्या," आई म्हणाली आणि डोळे पुसत आत वळली.

ऋजुता अंगणात उतरली. दहीभाताचं गाठोडं हातात घेऊन तुळशीपाशी गेली, तिथे थोडा वेळ उभी राहिली. मग वळसा घालून परत आली आणि पायरी चढली. ह्या वेळी तिच्या पायांवर कुणी पाणी घातलं नाही.

आईनं आतूनच विचारलं, "आलीस काय? चाय ठेव मंग."